कॅबिनेट कुणी उघडलं होतं?

रहाटणी, मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

चि. योगिनी हिस,

सासऱ्याने सुनेला पत्र लिहावं अशी आपल्याकडे रीत नाही, आणि मला तर रजेचा अर्ज आणि रिपोर्ट यांपलीकडे काही लिहायची सवय नाही. पण तू माझा फोन उचलत नाहीस. निरंजनचा उचलतेस आणि 'हं, हं' करून ठेवून देतेस, असं तो म्हणतो. नवरा-बायकोच्या त्या 'हं'मध्ये मी पडणार नाही. मला फक्त तुझ्या कंप्युटरविषयी कळवायचं आहे. कंपनीत मेंटेनन्सला असताना शिफ्ट संपली की रिपोर्ट लिहावा लागे, तसाच हा समज.

तर रिपोर्ट असा. मशीन अजून तसंच आहे. बटण दाबलं की समोरचा निळा दिवा लागतो, आतला पंखा फिरतो, मागून वारा येतो. म्हणजे करंट आहे. पडद्यावर मात्र काही नाही. 'नो सिग्नल' अशी पाटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडते आणि मग तीही जाते. मी भिंतीतला सॉकेट बदलून पाहिला. पडद्याची वायर काढून उलटसुलट बघितली, एकही पिन वाकलेली नाही. शेजारच्या मिनल वहिनींच्या घरून दुसरी वायर आणून लावली, तरी तेच.

निरंजन म्हणत होता, काळेवाडीतल्या दुकानात नेऊन टाकू. मी नको म्हटलं. ते लोक चांगला भाग काढून घेतात आणि जुना बसवतात. शिवाय मी घरात असताना मशीन दुरुस्तीला बाहेर जायचं, म्हणजे माझ्या नोकरीला काय अर्थ राहिला? म्हणून मी ते तुमच्या खोलीतून उचलून हॉलमध्ये माझ्या खाटेशेजारी आणून ठेवलंय. त्याला मी कुणाला हात लावू देत नाही.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. यंत्र म्हटलं की बिघडायचंच. चाकणला आमच्या प्रेस शॉपमध्ये नवीकोरी मशीनं, कुणी हात लावलेला नसताना बंद पडलेली मी पाहिली आहेत.

शुक्रवारी तुझ्या वडिलांसमोर थोडं बोलणं झालं. मी बोललो ते वडीलकीच्या नात्याने बोललो. रंगराव देहूच्या साखरपुड्याहून वाट वाकडी करून आपल्याकडे आले, आनंद वाटला. पण त्यांनी चहा तसाच टाकून उठायला नको होतं, आणि तूही लगेच बॅग भरायला नको होती. घरात भांड्याला भांडं लागतंच.

दिवाळीला ये. तुझ्या सासूबाईंनी चकलीची भाजणी तुझ्यासाठी थांबवून ठेवली आहे.

तुझा मामा,
लक्ष्मणराव


रहाटणी, मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

चि. योगिनी,

तुझं पत्र मिळालं. वर ना नमस्कार, ना खाली सही. नुसते प्रश्न. वाचताना मला आमच्या ऑडिटची आठवण झाली. पण ठीक आहे, तू उत्तर दिलंस हेच खूप. तुझ्या माहेरी बार्शीला पाऊस अजून रेंगाळलाय असं पेपरात वाचलं, जपून राहा.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो. पडद्याचा दिवा आधी निळा असतो आणि थोड्या वेळाने पिवळा होतो. वायर खालच्या बाजूच्या कार्डाला लावली आहे, वरच्या भोकात नाही; तू सांगितल्यावर वरच्या भोकात लावूनही पाहिली. तुझा पडदा निरंजनच्या लॅपटॉपला जोडला तर लख्ख चित्र येतं, म्हणजे पडदा निर्दोष. आणि कीबोर्डवरचं 'कॅप्स'चं बटण दाबलं तर दिवा लागत नाही. दाबून दाबून बघितलं.

मी हे सगळं करत असताना तुझ्या सासूबाई शिलाई मशीनवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवो, सारखं त्येच त्येच काय करताय? एकदा उघडून तर बगा. इतकी मशीनं खोललीत जल्मभर, ह्येला काय घाबरताय?"

मी म्हणालो, "तुला कळतं का त्यातलं?"

"न्हाई कळत. पर तुमी त्याच्याकडं बगताय ते मला कळतंय. दातात काय अडकल्यावानी बगताय."

बायकांना नको तिथे नजर असते. असो.

निरंजनचं काही खरं नाही. तळवड्याहून घरी आला की जेवतो आणि दार लावून घेतो. परवा म्हणाला, "बाबा, भंगारात देऊन टाकू ते. समोर दिसलं की डोकं फिरतं." मी त्याला गप्प केलं. तुझ्या वडिलांनी प्रेमाने दिलेली वस्तू. लग्नात तू पाटल्या नको म्हणालीस आणि कंप्युटर मागितलास, तेव्हा आमच्या भावकीत लोक हसले होते. मी हसलो नव्हतो, हे तुला आठवत असेल. मला उलट कौतुक वाटलं होतं, की ही मुलगी हत्यार मागते आहे.

तुझा शेवटचा प्रश्न राहिला. खंडेनवमीच्या आधी किंवा नंतर कॅबिनेट कुणी उघडलं होतं का, असं तू विचारलं आहेस, आणि हे तेव्हाही विचारलं होतं असंही खाली लिहिलं आहेस. हो, विचारलं होतंस. तेव्हा मी काय सांगितलं तेही तुला ठाऊक आहे. एकच गोष्ट किती वेळा विचारायची?

दिवाळीचं काय ते कळव. भाजणी दळून आणली आहे.

मामा


रहाटणी, शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

योगिनी,

तुझं पत्र काल आलं. जिन्यातच उभ्याने वाचलं.

तू लिहितेस, "मामा, कीबोर्डचा दिवा लागत नाही म्हणजे दोष पडद्यात नाही, वायरीतही नाही. तो आतच आहे. आत कुणी हात घातला नाही असं तुम्ही म्हणता, मग राहिले मीच. पूजेच्या वेळी मी फुलाने पाणी शिंपडलं होतं, कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर. तेच आत उतरलं असणार. मी उगाच तुमच्यावर संशय घेत होते. बाबांनाही मी सांगितलंय, की माझ्याच हातून झालं, मामा बोलले ते खरं बोलले. चुकले, माफ करा."

तुझ्या सासूबाई वरून विचारत होत्या, "काय लिवलंय पोरीनं?" मी म्हटलं, खुशाली.

पाणी आत गेलं नाही, योगिनी. तुझ्या हातून काहीही झालेलं नाही. कॅबिनेट मी उघडलं होतं.

एवढं लिहिलं की पुढचं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं नाही. तरी लिहितो, कारण तुला सगळं माहीत असलं पाहिजे.

खंडेनवमीचं माझं वेड तू पाहिलंस. कंपनीत त्या दिवशी मशीनं डिझेलने पुसून लख्ख करायची, झेंडूचे हार घालायचे, नारळ फोडायचा आणि मॅनेजरसुद्धा बूट काढून हात जोडायचा. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्या मशीनला हात लावायचा नाही. घरीही मी तेच करतो. माझी पान्यांची पेटी, सासूबाईंचं शिलाई मशीन, निरंजनची गाडी आणि दोन वर्षं झाली तुझा कंप्युटर. या वर्षी तू सगळी पूजा मनापासून केलीस. मग म्हणालीस, "मामा, संध्याकाळी मला मशीन लावावं लागेल हं. डायचं ड्रॉइंग उद्या दुपारी बाराला पाठवायचंय. त्या जर्मन लोकांना कुठला दसरा?"

मी म्हटलं, पूजेला बसलेलं हत्यार असं उठवायचं नसतं.

तू हसलीस. म्हणालीस, "देव समजून घेईल, मामा."

देव समजून घेणारच होता. मीच समजून घेणार नव्हतो. माझ्या घरात माझा शब्द हसण्यावारी गेला, हे मला झोंबलं. देवाधर्माचं त्यात काही नव्हतं, हे आता कबूल करतो. रिटायर झाल्यापासून माझं ऐकायला कुणी उरलेलं नाही, तेवढा एक खंडेनवमीचा दिवस उरला होता.

संध्याकाळी तू आणि सासूबाई मिनल वहिनींकडे हळदीकुंकवाला गेलात. आता मेंटेनन्सची एक पद्धत सांगतो. मशीनवर काम काढलं की आधी त्याचा फ्यूज उपसायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा. फ्यूज खिशात आहे तोवर कुणाच्या बापाला मशीन चालू करता येत नाही. माणसांचे हात वाचावेत म्हणून ही पद्धत आहे. मी ती तुझे हात बांधायला वापरली. उन्हाळ्यात तू कॅबिनेट उघडून झाडत होतीस तेव्हा मी शेजारी बसलो होतो. आतली हिरवी पट्टी काढून तू तिला खोडरबर घासलंस आणि मला समजावून सांगितलंस, "ही रॅम, मामा. ही नसली की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच." तेवढं मी बरोबर लक्षात ठेवलं. हार बाजूला केला, बाजूचा पत्रा काढला, पट्टी उपसली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. म्हटलं, सकाळी आरती झाली की गुपचूप बसवू, बारापर्यंत हिला वेळच वेळ.

तू परत आलीस, बटण दाबलंस, आणि पडदा काळा. तू घाबरलीस. मला विचारलंस, "मामा, कॅबिनेट कुणी उघडलं होतं का?" पट्टी तेव्हा माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "नाही बुवा. देवाच्याच मनात नसेल. आज राहू दे." आणि मला आतून हसू येत होतं. तू उघडून बघायला निघालीस तर मी म्हणालो, पूजेचा हार काढू नकोस, सकाळी बघू. तू ऐकलंस. त्या दिवशी तू माझं सगळं ऐकलंस.

सकाळी तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात मी पट्टी परत बसवली. नाजूक काम, मोडेल म्हणून हळूच टेकवली. बटण दाबलं. काळा. काढली, फुंकर मारली, पुन्हा टेकवली. काळाच. खिशात ठेवून आपण ती जाळली, असं वाटलं.

अजूनही वेळ होता. तू स्क्रूड्रायव्हर घेऊन आलीस आणि म्हणालीस, "मी उघडून बघते." आत झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या, त्या तुला दिसल्या असत्या. मी मध्ये उभा राहिलो. म्हणालो, "तू लांब हो. करंटचं काम आहे, मला बघू दे." आणि बारा वाजेपर्यंत मी वायरी काढत-घालत बसलो. त्या वायरींमध्ये काही दोष नाही हे मला माहीत होतं. तू घड्याळाकडे बघत होतीस, आणि मी तुझ्याकडे बघत नव्हतो. निरंजन दुकानं पालथी घालून आला, पण दसऱ्याला दुरुस्तीचं दुकान कोण उघडतंय? चाकणच्या त्या जर्मन कंपनीने काम दुसऱ्याला दिलं. त्या ड्रॉइंगवर ठरणार होती ती घरी बसून करायची कायमची नोकरी, तू किती दिवस तिच्यासाठी झटत होतीस, ते मी समोर पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुझे वडील आले. हॉलमध्ये शेजारचे दोघे बसले होते. रंगरावांनी सहज विचारलं, "काय झालं कंप्युटरला?" त्यांनी माझ्यावर आळ घेतला नव्हता, कुणीच घेतला नव्हता. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मीच बोललो, "राग मानू नका, पण तुमच्या मुलीला वस्तू सांभाळता येत नाही." तू दारात ट्रे घेऊन उभी होतीस. रंगराव म्हणाले, "मग आम्ही शिकवू तिला, घरी नेऊन."

दोन पत्रं मी तुला लिहिली, त्यांत सॉकेट आला, वायरी आल्या, पिना आल्या. ही एक गोष्ट सोडून सगळं आलं. दुकानात मशीन जाऊ दिलं नाही ते याचसाठी, की दुकानवाला पत्रा काढताच पाकळ्या बघेल. त्या अजून आत आहेत. मला पत्र्याला हात लावायचा धीर होत नाही.

मला लाज वाटते. लाज मला याआधीही वाटली आहे आयुष्यात, पण ती लोकांना कळलं म्हणून वाटली होती. ही तुझ्या त्या 'चुकले, माफ करा'मुळे वाटली. तू ते शब्द परत घे. मी तुझी माफी मागायच्या लायकीचा नाही, तरी मागतो.

पट्टी जळली असेल तर नवी आणीन. नोकरी मला आणता येणार नाही. निरंजनला आणि तुझ्या सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. हे पत्र टाकून आलो की सांगतो.

लक्ष्मणराव


रहाटणी, सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

योगिनी,

पत्र टाकून आलो की सांगतो, असं लिहिलं होतं. सांगितलं नाही. त्या दिवशी धनत्रयोदशी होती; सणाच्या तोंडावर कशाला, असं म्हटलं. मग लक्ष्मीपूजन आलं, पाडवा आला. पाडव्याला तुझ्या सासूबाईंनी मला ओवाळलं तेव्हा ताटाकडे बघवेना. तरी सांगितलं नाही.

शनिवारी तुझं पाकीट आलं ते निरंजनच्या हाती पडलं. बायकोचं अक्षर बघून त्याने फोडलं, माझं नाव बघितलंच नाही. आत एकच ओळ. "पट्टीच्या दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून, दोन्हीकडून टक् असा आवाज येईपर्यंत दाबा."

तो माझ्यासमोर कागद धरून म्हणाला, "बाबा, कुठली पट्टी?"

सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, दोघांनाही. मग मी पत्रा काढला. पाकळ्या सुकून काळ्या पडल्या होत्या. तू लिहिल्याप्रमाणे अंगठे ठेवले. आजवर मी जोर लावायला घाबरत होतो; या वेळी लावला. एका बाजूला टक् झालं, दुसऱ्या बाजूला टक् झालं. बटण दाबलं आणि पडदा उजळला. पट्टी जळलेली नव्हती. नीट बसलेली नव्हती, बस्स.

निरंजन म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच."

"बाबा, मी तिला म्हणालो, तुला साधा बॅकअप ठेवता येत नाही, तू नोकरी काय करणार? इथंच, तुमच्यासमोर म्हणालो. तुम्ही ऐकत होता."

"ऐकत होतो."

तो खाली गेला आणि गाडी काढून कुठेतरी निघून गेला. उशिरा आला. परवापासून माझ्याशी कामापुरतं बोलतो, आणि ते बरोबरच आहे. तुझं ड्रॉइंग त्याने पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवलंय. ते पुरं झालेलं होतं म्हणाला. फक्त पाठवायचं राहिलं होतं.

तुझ्या सासूबाई निरंजनपेक्षा जास्त बोलल्या. "म्या त्या पोरीला म्हनलं, वल्या हातानं हात लावला असशील. तिच्या तोंडावर म्हनलं. तवा तुमी पेपर वाचत व्हता. पान सुदीक उलटलं न्हाई तुमी."

काल त्यांनी तुला फोन केला आणि तू उचललास. नंतर मला स्वयंपाकघरात बोलावून त्या म्हणाल्या, "पोरीनं तुमचं पत्र तिच्या बापाला दाखवलंच न्हाई. मामांचा मान जाईल म्हनली. ऐका माझं. तिनं झाकलंय न्हवं? मग झाकलेलंच राहू द्या. ह्या वयात व्याह्यापुढं मान खाली घालताय व्हय? येईल ती. राग निवला की येईल."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चहा मागून घेतला. तू मला वाचवलंस, असं वाटलं, आणि मी ते घेऊन टाकलं. सासऱ्याने केलेलं सुनेने पोटात घालायचं, हे आपल्याकडे चालतच आलंय, तसं हेही चालेल, असं मी चहा पिता पिता ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

मग सासूबाईंनी तुझ्याकडचं आणखी एक सांगितलं. तू गप्पांच्या ओघात बोलून गेलीस म्हणे. लहानपणापासून तू वडिलांची पिठाची गिरणी चालवतेस, ते जेवायला गेले की तूच बटण दाबायचीस. आता तू पुढे झालीस की रंगराव म्हणतात, "राहू दे बाळा, तू नको. बिघडायचं काही." रागाने नाही म्हणत, मायेने म्हणतात. आणि तू बाजूला होतेस.

ते ऐकल्यावर मी कप खाली ठेवला. रंगरावांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तू माझा मान झाकून ठेवलास आणि त्याची किंमत तू तिथे रोज गिरणीपाशी देते आहेस. मी आज हे झाकलं राहू दिलं, तर दसऱ्यादिवशी मध्ये उभा राहिलो होतो तसाच आयुष्यभर तुझ्यामध्ये आणि त्या बटणामध्ये उभा राहीन.

म्हणून तुला न विचारता तुझ्या वडिलांना लिहितो आहे. सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या आहेत. हरकत नाही.

ये, असं मी आता लिहिणार नाही. दिवाळीला ये असं दोनदा लिहिलं, तेव्हा मला तू हवी होतीस की सगळं निस्तरल्यासारखं दिसायला हवं होतं, हे माझं मलाच सांगता येत नाही. निरंजन पुनावळ्याला वेगळी खोली बघतो आहे. तुला इथे यायचं नसेल तर तो तुझ्यासोबत तिकडे राहील, असं त्याने मला सांगितलं. मी 'बघ' म्हणालो. कंप्युटर तू म्हणशील तिथे पोचेल. दुरुस्त करून पाठवतोय असं म्हणणार नाही, कारण तो बिघडलाच नव्हता.

लक्ष्मणराव


पोस्टकार्ड
रहाटणी, मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५

श्री. रंगराव यांस नमस्कार.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून आपण आपलं टपाल गिरणीवर आलेल्या माणसाकडून वाचून घेता, हे मला माहीत आहे. म्हणून पाकीट न घालता उघडं कार्ड पाठवतो आहे.

योगिनीने कंप्युटर बिघडवलेला नाही. तिने माझं ऐकावं या हट्टापायी मी त्यातला एक भाग काढून खिशात ठेवला. परत बसवायला गेलो तो मला नीट बसवता आला नाही. तिने विचारलं तेव्हा खोटं बोललो. तिची नोकरी माझ्यामुळे गेली. ते लपवायला मी आपल्यासमोर आणि शेजाऱ्यांसमोर तिला नावं ठेवली. 'माझ्याच हातून झालं' असं ती आपल्याला म्हणाली, तेही माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून म्हणाली. आपण दिलेली वस्तू तिने जिवापाड सांभाळली होती. गिरणीचं बटण तिला दाबू द्या.

आपल्या पायांवर डोकं ठेवायला मी येईनच, पण आधी हे चारचौघांत कळायला हवं, कारण मी बोललो ते चारचौघांत बोललो होतो.

हे कार्ड जे कुणी वाचून दाखवत असतील त्यांना विनंती, की गिरणी चालू असेल तर क्षणभर बंद करायला सांगावी, आणि 'योगिनीने' इथून पुन्हा एकदा मोठ्याने वाचावं. दळणाला आलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे.

लक्ष्मण